साखर तोडली म्हणून गाठ उपाशी राहत नाही

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, म्हणून आधी तो मला समजला तसा मांडतो. वडील एकसष्ट वर्षांचे. उजव्या गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, गेल्या वर्षी ऑपरेशन आणि रेडिएशन झालं. आता मानेत पुन्हा गाठ लागतेय आणि पेट (PET) स्कॅनमध्ये फुफ्फुसातही एक ठिपका चमकलाय. स्कॅनच्या ठिकाणी कुणीतरी सांगितलं की कॅन्सर साखर ओढतो म्हणून चमकतो. तेव्हापासून घरात त्यांची साखर, भात, पोळी, फळं सगळं बंद आहे आणि काका रोज लिंबू-सोड्याचं पाणी पाजतायत. महिन्याभरात वजन उतरलंय. तुम्ही स्वतः मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या, त्यामुळे पसरलेला कॅन्सर आजूबाजूच्या टिश्यूशी चयापचयाच्या पातळीवर नेमका काय व्यवहार करतो, हेही तुम्हाला हवंय.

मी पुण्यात डोकं-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन देणारा डॉक्टर आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबवण्यात अर्थ नाही: त्यांना मधुमेह नसेल तर भात-पोळी आजच सुरू करा. मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असेल, किडनी कमजोर असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर काय आणि किती द्यायचं हे बदलतं आणि ते त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं. पण कॅन्सर उपाशी मारायचा म्हणून माणूस उपाशी ठेवायचा, हे यातल्या कुठल्याच परिस्थितीत बसत नाही. का, ते आता सविस्तर सांगतो.

पेटसाठी जे टोचतात ते एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज. पेशी त्याला साधं ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं, पुढची पायरी मात्र होत नाही आणि ते तिथेच अडकून पडतं. म्हणून जिथे ग्लुकोज ओढणाऱ्या पेशींची गर्दी, तिथे चमक. त्या पेशी कॅन्सरच्याच असतील असं मात्र नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने उंदरांच्या ट्यूमरमधल्या पेशी वेगळ्या करून कोण काय ओढतं ते मोजलं. पेशीमागे सगळ्यात जास्त ग्लुकोज घेत होत्या मायलॉइड पेशी, म्हणजे ट्यूमरमध्ये शिरलेल्या मॅक्रोफेजसारख्या प्रतिकारक पेशी. कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल ओढण्यात पुढे होत्या. आपल्याकडे तर टीबीची गाठही पेटमध्ये छान चमकते. म्हणून माझा तुम्हाला उलट प्रश्न: फुफ्फुसातल्या त्या ठिपक्याची बायोप्सी झाली आहे का? जागा अवघड असेल, ठिपका फार लहान असेल तर कधी कधी थांबून पुन्हा स्कॅन करावा लागतो. पण निव्वळ चमक पाहून 'फुफ्फुसात पसरला' असं ठरवलं असेल तर ते एकदा विचारून घ्या. त्यावर पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते.

आता साखर. रक्तात एका वेळी जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज फिरत असतं आणि ती पातळी राखण्याचं काम यकृत करतं. ताटातून साखर गेली की यकृत आधी साठवलेलं ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) काढतं, आणि पूर्ण उपास असेल तर ते दिवसाभरात संपत येतं. पुढचं ग्लुकोज मुख्यतः स्नायूंतली प्रथिनं मोडून तयार होतं. म्हणजे गाठीला जे ग्लुकोज मिळायचं ते मिळतच राहतं. फक्त ते आता पोळीऐवजी वडिलांच्या दंडातून आणि मांड्यांतून येतं. शिवाय गाठ ग्लुकोज अर्धवट मोडून जे लॅक्टेट बाहेर टाकते ते रक्तातून यकृतात जातं आणि यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवतं. कोरी दांपत्याने उलगडलेलं हे चक्र तुम्ही अभ्यासलं असेल. गाठीला एका ग्लुकोजमागे दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, यकृताला तेच ग्लुकोज परत उभं करायला सहा खर्चावे लागतात. प्रत्येक फेरीत चारचा तोटा, तो भरायचा पेशंटने.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्गची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने दाखवलं की ऑक्सिजन असूनही ट्यूमर ग्लुकोजचं लॅक्टेट करतो. पेशीची श्वसनयंत्रणा बिघडल्यामुळे असं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे दिसलं की बहुतेक ट्यूमरमधले मायटोकाँड्रिया (पेशीतली श्वसनाची केंद्रं) चांगले चालू असतात. मग हा उधळेपणा कशाला? एक कारण बांधकामाचं: दुभागायचं तर न्यूक्लिओटाइड, लिपिड, अमिनो आम्लं लागतात आणि त्यांचा कच्चा माल ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या, वाटेवर मिळतो. दुसरं कारण शेजाऱ्यांशी निगडित आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

ट्यूमर बोर्डवर, म्हणजे डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, पॅथॉलॉजिस्ट गालाच्या कॅन्सरची स्लाइड लावतात तेव्हा पडद्यावर काय दिसतं ते सांगतो. कॅन्सर झालेल्या स्क्वेमस (अस्तराच्या चपट्या) पेशींची बेटं, काहींच्या मधोमध केराटिनचे गोल गुलाबी मणी. बेटांच्या भोवती फिकट गुलाबी तंतूंचा पट्टा आणि त्यात लांबट, टोकदार फायब्रोब्लास्ट, म्हणजे ते तंतू विणणाऱ्या पेशी. पट्ट्याच्या कडेला लिम्फोसाइट या प्रतिकारक पेशींची निळी गर्दी, पण बरेचदा ती बाहेरच थबकलेली. आणि एखाद्या कोपऱ्यात आडवी कापलेली नस, तिच्या आवरणाला कॅन्सरच्या पेशी बिलगलेल्या. नवे रेसिडेंट बेटांकडे बघतात. मी त्यांना गुलाबी पट्ट्याकडे बघायला सांगतो.

हे फायब्रोब्लास्ट साधे राहिलेले नसतात. गाठीच्या सहवासात त्यांचं वागणं बदलतं. लॅक्टेट पेशीबाहेर काढायला मुख्यतः एमसीटी-४ हे वाहक प्रथिन असतं आणि आत घ्यायला एमसीटी-१. फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या नमुन्यांवर ही दोन्ही रंगवून पाहिली. जोमाने वाढणाऱ्या कॅन्सर पेशींवर एमसीटी-१ आणि आत भरपूर मायटोकाँड्रिया. न वाढणाऱ्या कॅन्सर पेशींवर आणि भोवतीच्या फायब्रोब्लास्टवर एमसीटी-४. त्यांनी लावलेला अर्थ असा की शेजारी ग्लुकोज जाळून लॅक्टेट देतात आणि वाढत्या पेशी ते लॅक्टेट ऑक्सिजनवर जाळतात. भोवतालच्या टिश्यूत एमसीटी-४ जास्त असेल तर गाठ परत येण्याचा धोकाही जास्त दिसला.

इथपर्यंत सगळं सुबक वाटतं. पण २०१८ मध्ये कॅन्ससच्या गटाने याच कॅन्सरवर काम करून जवळजवळ उलटी दिशा दाखवली. फायब्रोब्लास्ट एचजीएफ नावाचा घटक सोडतात, त्याने कॅन्सर पेशींचंच ग्लायकोलिसिस वाढतं. कॅन्सर पेशी बीएफजीएफ हा दुसरा घटक सोडतात आणि त्याने फायब्रोब्लास्टचं ऑक्सिजनवर चालणारं श्वसन वाढतं. यात बरोबर कोण? माझं मत विचाराल तर दोघंही. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही व्यवहार चालू असू शकतात. रक्तवाहिनीपासूनचं अंतर, ऑक्सिजन, पेशींचं वय यावर ते ठरत असावं. रक्तवाहिनीपासून लांब, गुदमरलेल्या पेशी लॅक्टेट सोडतात आणि वाहिनीजवळच्या पेशी ते वापरून ग्लुकोज त्या लांबच्या पेशींपर्यंत जाऊ देतात, हे तर २००८ पासून उंदरांच्या ट्यूमरमध्ये माहीत आहे. पुण्यात कॉर्पोरेशनचं पाणी बंद झालं तरी टँकरवाल्याशी ओळख असलेली सोसायटी कोरडी पडत नाही. गाठीच्या अशा ओळखी सगळीकडे असतात. एक इंधन अडवून ती मरत नाही ती यामुळे.

लॅक्टेटबरोबर प्रोटॉनही बाहेर येतात आणि गाठीभोवतीचा द्रव आंबट होतो. निरोगी टिश्यूत पीएच ७.४ च्या आसपास, तर ट्यूमरमध्ये ६.५ ते ७ पर्यंत उतरलेला सापडतो. स्लाइडवर कडेला थबकलेल्या त्या लिम्फोसाइटचं एक कारण इथे आहे. मारेकरी टी पेशींना काम करायला ग्लुकोज लागतं. ते कमी पडतं आणि वर आंबट वातावरण त्यांना सुस्त करतं. उलट प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-रेग पेशी लॅक्टेटवर मजेत जगतात, हे पिट्सबर्गच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं. ड्यूक विद्यापीठात २००१ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या बायोप्सीत लॅक्टेट मोजलं होतं, तेव्हा जास्त लॅक्टेटवाल्यांत कॅन्सर दूर पसरण्याचा धोका जास्त दिसला होता.

मग काकांचं सोड्याचं पाणी? रक्ताचा पीएच फुफ्फुसं आणि किडनी ७.३५ ते ७.४५ मध्ये बांधून ठेवतात. सोडा पोटातल्या आम्लाशी भिडतो, ढेकर येतो, शरीरात सोडियम वाढतं, आणि गाठीभोवतीचा आंबटपणा त्याने हटतो असा माणसातला पुरावा नाही. रेडिएशन झालेल्या तोंडात लिंबू झोंबतं ते वेगळंच. सोडा-मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आम्हीच सांगतो, पण त्या तोंड स्वच्छ राहावं म्हणून. गिळायच्या नसतात.

आता मान. गालाचा कॅन्सर पसरतो तो सहसा आधी मानेतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका गाठींमध्ये), आणि तिथलं वातावरण गालापेक्षा फार वेगळं. लिम्फमध्ये आतड्यातून आणि टिश्यूतून आलेली चरबी असते. कोरियातल्या गटाने २०१९ मध्ये उंदरांत, तेही मेलानोमा आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये, दाखवलं की नोडमध्ये तग धरायला कॅन्सर पेशी फॅटी ॲसिड जाळायला लागतात. तोंडाच्या कॅन्सरबद्दलचं थेट काम बार्सिलोनाचं आहे, २०१७ चं. माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी त्यांनी उंदरांत वाढवल्या. त्यातल्या मोजक्याच पेशींवर सीडी-३६ हा फॅटी ॲसिड आत घेणारा रिसेप्टर भरपूर होता, आणि नोडपर्यंत पोचून तिथे घर करणाऱ्या पेशी त्याच. तो अँटिबॉडीने अडवला तर मूळ गाठीवर फारसा परिणाम नाही, पण पसरणं घटलं. चरबीयुक्त आहाराने पसरणं वाढलं. पुढे २०२१ मध्ये त्याच गटाने दाखवलं की हा प्रताप पामिटिक ॲसिड या फॅटी ॲसिडचा, ओलेइक किंवा लिनोलेइकचा नाही. आणि आहार बदलल्यावरही त्या पेशींना त्याची एक प्रकारची आठवण राहते. त्यात श्वान (Schwann) पेशींचा, म्हणजे नसांना आवरण देणाऱ्या पेशींचाही सहभाग निघाला.

हे वाचून तुम्ही आता तूप बंद कराल, म्हणून घाईने सांगतो: करू नका. ते उंदीर होते. माणसाचं शरीर पामिटिक ॲसिड स्वतःही बनवतं. वजन घटत असलेल्या माणसाच्या वरण-भातावरचं चमचाभर तूप काढून त्याच्या मानेतली गाठ आवरते, असं दाखवणारा पुरावा नाही. हां, पाम तेलात पामिटिक ॲसिड चाळीस टक्क्यांच्या वर असतं आणि शेंगदाणा तेलात दहाच्या आसपास. तेव्हा बाहेरचं फरसाण आणि बेकरीचा माल कमी करून घरात शेंगदाणा तेल वापरलंत तर तोटा काही नाही. मी एवढंच सांगतो, त्याला उपचार म्हणत नाही.

नसांचा उल्लेख झालाच आहे तर साखर बंद करणाऱ्यांनी एक प्रयोग जरूर वाचावा. २०२२ मध्ये चीनमधल्या गटाने तोंडाच्या कॅन्सरवर काम करताना पाहिलं की ग्लुकोज कमी पडलं की कॅन्सर पेशी नसांना वाढवणारा एनजीएफ हा घटक सोडतात. वेदना वाहणाऱ्या नसा त्याला प्रतिसाद देतात आणि सीजीआरपी हा संदेश देणारा रेणू सोडतात. त्या सीजीआरपीने कॅन्सर पेशी ऑटोफॅजी वाढवतात, म्हणजे स्वतःच्याच आतला माल मोडून भूक भागवतात. थोडक्यात, ग्लुकोज तोडलं तर गाठ शेजारच्या नसेची मदत मागते आणि तिला ती मिळते. सीजीआरपी अडवणारी मायग्रेनची औषधं बाजारात आहेत, त्यामुळे ही वाट पुढे कामाला येईलही. आज ती उपचारात नाही.

फुफ्फुसाबद्दल थोडक्यात. तिथे ऑक्सिजन मुबलक, त्यामुळे तिथे उतरणाऱ्या पेशीपुढची अडचण भुकेपेक्षा ऑक्सिडेशनची असते. यातलं बरंचसं काम स्तनाच्या कॅन्सरवर आणि मेलानोमावर झालंय. गालाच्या कॅन्सरला ते जसंच्या तसं लावणं मला धाडसाचं वाटतं. एक व्यावहारिक गोष्ट मात्र यातून निघते: त्या पेशींची ही अडचण सोपी होऊ नये म्हणून अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या देऊ नका. क्यूबेकमध्ये रेडिएशन घेणाऱ्या डोकं-मानेच्या ५४० पेशंटवर व्हिटॅमिन ईची चाचणी झाली होती. गोळ्या चालू असतानाच्या काळात दुसरा कॅन्सर होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. संत्रं खाऊ दे, गोळी नको.

माझ्या कामाशी या सगळ्याचा सगळ्यात जवळचा धागा ऑक्सिजनचा. ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला रेडिएशनचा डोस अडीच ते तीन पट लागतो. गाठ आणि तिचे शेजारी मिळून ऑक्सिजन संपवतात, रक्तपुरवठा मुळात वेडावाकडा, त्यामुळे गाठीचे काही भाग कायम गुदमरलेले. डेन्मार्कमध्ये यासाठी रेडिएशनबरोबर निमोराझोल हे गुदमरलेल्या पेशींना रेडिएशनपुढे हळवं करणारं औषध देतात. पेशींचा ऑक्सिजनचा खर्चच कमी करावा म्हणून मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाकडे खूप आशेने पाहिलं गेलं. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये छोट्या अभ्यासांत भोवतालच्या टिश्यूत बदल दिसले, पण स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला आणि मधुमेह नसलेल्यांना त्याचा फायदा झाला नाही. म्हणून तुम्ही विचारण्याआधीच सांगतो: मधुमेह असेल तर डॉक्टर देतील, नसेल तर मनाने सुरू करू नका, त्याने भूकही मरते. वडील अजून बिडी किंवा तंबाखू घेत असतील तर ती थांबवणं यापेक्षा मोठं काम आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरची जागा अडवतो आणि रेडिएशनचा परिणाम घटतो.

परदेशातले पेपर वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकडे घशाचे, टॉन्सिलचे एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे कॅन्सर बरेच असतात आणि त्यांच्या पेशी मायटोकाँड्रियावर जास्त चालतात. माझ्याकडे येतात ते बहुतेक तंबाखू, गुटखा, मिशरीवाले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ओपीडीत बसून तशी कल्पना येत नाही. या गाठी ग्लुकोजकडे जास्त झुकलेल्या आणि जास्त गुदमरलेल्या असतात. पेपरमध्ये 'हेड अँड नेक' लिहिलेलं दिसलं की नमुने कुठले आणि एचपीव्ही किती, ते आधी बघा. आणि यात खरोखर रस असेल तर गणेशखिंडला एनसीसीएस आणि पाषाणला आयसर या संशोधन संस्था तुमच्या हाताशी आहेत.

आता वडिलांचं. कॅन्सरच्या पेशंटसाठी युरोपियन तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत दिवसाला किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत, आणि कुपोषणाचा धोका असताना आहार तोडू नका असं स्पष्ट म्हटलंय. त्यांचं वजन ५५ किलो धरलं तर साधारण १४०० ते १६५० कॅलरी आणि ५५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर तोंड कमी उघडत असेल, लाळ कमी असेल, म्हणून पातळ आणि घट्ट यांच्या मधलं द्या: मऊ वरण-भात तूप घालून, नाचणीच्या सत्त्वात दूध, दाण्याचं बारीक कूट घातलेलं ताक-भात, उकडलेलं अंडं कुस्करून, चालत असेल तर चिकनचं पाणी नव्हे तर चिकनच वाटून. नुसत्या सूपवर माणूस जगत नाही, हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं. गोड खावंसं वाटलं तर खीर द्या. सहा महिन्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं तर आम्ही त्याला कॅकेक्सिया, म्हणजे आजाराने शरीर झिजणं, धरतो. ५५ किलोच्या माणसात ते पावणेतीन किलो होतात. तुम्ही लिहिलेल्या महिन्याभरात ते तितकं उतरलं असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डाएटिशियनला भेटा, आणि गिळणं जमत नसेल तर नाकातल्या नळीला नाही म्हणू नका. नळी लागली म्हणजे सगळं संपलं असं घरचे धरून चालतात. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांची सोय असते.

डॉक्टरांना भेटायला जाताना पेटची सीडी, त्या दिवशीची रक्तातली साखर आणि आधीच्या ऑपरेशनचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट सोबत न्या. रिपोर्टात नसेभोवती पसरल्याचा आणि नोडचं आवरण फोडून बाहेर आल्याचा उल्लेख आहे का ते बघा. फुफ्फुसाच्या बायोप्सीचं विचारा. आणि वजन दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर, चहाच्या आधी करून एका वहीत लिहीत जा. ती वहीही बरोबर न्या.